किती वर्षं टिकेल?

भिंतीवर चित्र काढून हवं असणारे लोक रंगाच्या आधी, पैशांच्याही आधी हेच विचारतात. कोथरूडला विचारतात, वाघोलीला विचारतात. "ताई, टिकेल ना? किती वर्षं?" गेल्या आठवड्यात सहकारनगरच्या एका काकूंनी फोनवर विचारलं. त्यांना हॉलमध्ये वारली हवंय, शक्यतो फोटोत पाहिलेला तो चौकोनी देवीचा चौक. उत्तर फोनवर मावण्यासारखं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, काकू.

आधी कामाचं सांगते. तुमची भिंत आतली आहे. जुना रंग खरवडून पुट्टी, प्रायमर, वर इमल्शन असं नीट केलं आणि मी ॲक्रिलिकने काढलं, तर चिंता नको. २०१३ साली कर्वेनगरात काढलेल्या माझ्या दोन भिंती आजही जशाच्या तशा आहेत. बाहेरची भिंत मात्र वेगळी. आपल्याकडे पावसाची झड नैऋत्येकडून येते. त्या बाजूची भिंत एकदा ओल धरायला लागली की रंग कितीही भारी असू दे, पोपडा आतून सुटतो आणि चित्र त्याच्याबरोबर खाली येतं. वरून क्लिअर कोट मारून उपयोग नाही, कारण पाणी मागून येतं. गळती काढल्याशिवाय अशी भिंत मी घेत नाही.

पण मी ज्या घरात ही रेघ शिकले, तिथे हा प्रश्न मी कधीच ऐकला नाही.

डहाणूच्या आतल्या बाजूचा एक पाडा. उन्हाळा होता आणि घरात लग्न होतं. कारवीच्या कुडाची भिंत शेणाने सारवून वर गेरूचा हात दिलेला. भिजवलेले तांदूळ पाट्यावर वाटून, पाण्यात कालवून, थोडा डिंक घालून करवंटीत ठेवले होते. बांबूची काडी दाताने चावून तिचं टोक मऊ केलेलं. लग्नाचा चौक सवाष्णींनीच काढायचा असतो. तिघीजणी भिंतीशी बसल्या आणि बाजूला धवलेरी लग्नाची गाणी म्हणायला लागली. वारल्यांच्या लग्नात विधी तीच चालवते.

मी अगदी जवळ बसले होते आणि मला काही दिसेना. तांदळाची ओली रेघ गेरूवर जवळजवळ दिसतच नाही, नुसता भिंतीचा ओलसर डाग वाटतो. त्या तिघींतल्या घरच्या मावशी काडी बुडवून टेकवत, ओढत पुढे जात होत्या. त्या दुसऱ्या कोपऱ्याशी पोचल्या, तेव्हा मागे पहिल्या कोपऱ्यातली जाळी हळूहळू पांढरी उमटायला लागली. म्हणजे काढणाऱ्या बाईला आपण काय काढतोय ते काढताना दिसत नाही. ती रेघ हाताला आधीच माहीत असावी लागते. मी पेन्सिलीने आखून, खोडून काढायला शिकलेली. त्या दिवशी बराच वेळ मी वही उघडलीच नाही.

चौकाच्या मधोमध पालघट देवी आली. शेजारी लहान चौकटीत पंचशिऱ्या देव, घोड्यावर. भोवती झाडं, माणसं, तारपा वाजवणारा. हा चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही.

पुढच्या वर्षी मी मुद्दाम त्याच घरी गेले, तर भिंत कोरी. "सारवली," मावशी म्हणाल्या. आवाजात हळहळ नव्हती. लग्न झालं, देवी येऊन गेली, चौकाचं काम संपलं होतं.

तेव्हापासून मी जिथे जिथे भिंतीवरच्या चित्रांबद्दल विचारलं, वाचलं, तिथे असंच काहीतरी सापडत गेलं. झारखंडात हजारीबागच्या बायका लग्नाच्या खोलीत खोवर काढतात. भिंतीला आधी काळी माती, ती वाळली की वर पांढऱ्या मातीचा लेप, आणि लेप ओला असतानाच कंगव्याने किंवा बोटांनी खरवडून खालचा काळा रंग मोकळा करायचा. लेप वाळायच्या आत हात उरकायला हवा. त्याच घरांच्या भिंतींवर दिवाळीनंतर गुराढोरांच्या सणाला सोहराईची चित्रं येतात.

गुजरातेत छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासींचा पिठोरा तर चित्र म्हणून सुरूच होत नाही. तो नवस असतो. घरात आजारपण असेल, पीक बुडालं असेल, मूल होत नसेल, तर बाबा पिठोऱ्याला बोललं जातं. नवस फेडायला ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीवर घोडे काढायचे. काढणारा तो लखारा. रंगात दूध आणि मोहाची दारू मिसळतात. चित्र पूर्ण झालं की अंगात आलेला बडवा, म्हणजे त्यांचा भगत, भिंतीपुढे उभा राहून एकेक आकृती ओळखतो. काही राहिलं असेल तर लखारा तिथल्या तिथे भरतो. त्या भिंतीला हा बडवाच विचारतो, सगळे आले का? किती दिवस राहतील, हे तो विचारत नाही.

मग टिकण्याचा प्रश्न आला कुठून? मला वाटतं, कागदाबरोबर आला. १९६६-६७ मध्ये बिहारात दुष्काळ पडला तेव्हा हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीकडे पाठवलं. लग्नघरातल्या कोहबराच्या, म्हणजे नवरानवरीच्या खोलीच्या, भिंती रंगवणाऱ्या बायकांना त्यांनी कागद दिला, म्हणजे चित्र विकता येईल, घरात चार पैसे येतील. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी डहाणूला आले आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांचा हात त्यांनी ओळखला. म्हशे लग्नाची वाट न बघता रोज काढत, पुरुष असून काढत. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एकाच मराठी माणसाचा हात या दोन्ही गोष्टींमागे आहे, आणि पुण्यात वारलीचे कप विकत घेणाऱ्यांना त्यांचं नावही माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

कागद आल्याने शेकडो घरं उभी राहिली. तो यायला नको होता असं मी कधीच म्हणणार नाही. शिवाय काही भिंती टिकायलाच हव्या होत्या. मिथिलेच्या, म्हणजे मधुबनीकडच्याच, चित्रकार गंगादेवींनी कर्करोगाचे उपचार चालू असताना दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात एक अख्खी खोली कोहबर म्हणून रंगवली. १९९१ साली त्या गेल्या. २०१५ च्या सुमारास नूतनीकरणात ती खोली पाडली गेली. आता कोणी म्हणेल, मावशींनी सारवलं तेही पुसणंच होतं की. नाही. मावशींच्या घरात पुढच्या लग्नाला दुसरा चौक येणार होता, आणि तो काढणारे हात तिथेच होते. गंगादेवींच्या भिंतीनंतर गंगादेवी नव्हत्या. ही बातमी वाचली त्या दिवशी मला कामाला हात लावता आला नाही.

म्हणून, काकू, तुमच्या हॉलमध्ये मी चौक काढणार नाही. राग मानू नका. पालघट देवी लग्नाला येते, लग्नाबरोबर जाते. टीव्हीच्या मागे तिला दहा वर्षं बसवून ठेवायला माझा हात धजत नाही. क्वीन्स गार्डनजवळ आदिवासी संग्रहालय आहे, तिथे एकदा माझ्याबरोबर चला, म्हणजे मी काय म्हणतेय ते लक्षात येईल. हॉलसाठी भातलावणी काढू, ताडावर चढणारा माणूस काढू, तारप्याभोवतीचा नाच काढू. त्यासाठी डहाणूहून स्वतः वारली चित्रकार यायला तयार असतात. त्यांना बोलवावं असं मला मनापासून वाटतं. पुट्टी-प्रायमरचं मी बघते, त्यांच्याबरोबर उभी राहते. भिंत दहा वर्षं राहील.

आणि दाराबाहेरचा तो हातभर कोपरा, जिथे तुम्ही रोज रांगोळी काढता, त्याच्या वरची भिंत मला द्या. तिथे नुसता गेरू आणि तांदूळ. तो दिवाळीपासून फार तर होळीपर्यंत राहील. मग पुसायचा आणि पुन्हा काढायचा. दुसऱ्यांदा तुम्ही काढायचा, माझ्याशिवाय. रेघ दिसली नाही तरी थांबू नका, वाळली की येते.

शुक्रवारी रात्री वाटीभर तांदूळ भिजत घाला. मी शनिवारी सकाळी येते.