रोमच्या कॅटाकोम्ब : एक हुकलेली सकाळ, एक दुपार

आधी आमची चूक सांगतो. कॅटाकोम्ब म्हणजे जुन्या ख्रिस्ती लोकांचं भुयारी कबरस्तान. त्यातली सॅन कॅलिस्टोची कॅटाकोम्ब दुपारी १२ ते २ बंद असते, हे मी घरूनच वाचून निघालो होतो. तरी पोचलो बारा वाजून दहा मिनिटांनी. आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघितली. मग सरूच्या झाडांखाली बाकावर बसून बिस्किटं आणि संत्री खाल्ली. तेव्हा सकाळी दहाच्या आत पोचा. बुधवारी जाऊच नका, त्या दिवशी सुट्टी असते. हिवाळ्यातही काही आठवडे बंद ठेवतात, तारखा बघूनच बेत आखा.

शहरातून ११८ नंबरची बस जाते. ती फार वेळाने येते, त्यामुळे हाताशी अर्धा तास जास्तीचा ठेवा. चालत जायची हौस असेल तर व्हिया आपिया या प्राचीन रोमन रस्त्याच्या सुरुवातीच्या पट्ट्यात जपून. दोन्ही बाजूंना उंच भिंती, फुटपाथ नाही आणि गाड्या अंगावरून जातात. त्यापेक्षा ‘दोमिने क्वो वादिस’ चर्चच्या बाजूने कॅटाकोम्बच्या आवारातून एक शांत रस्ता आत जातो, तो धरा.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. सिसिलिया, लॉरेन्स, सेबॅस्टियन ही संतांची नावं आमच्याकडे गल्लोगल्ली. रोमला जायचं ठरलं तेव्हा आईने एकच अट घातली होती : कलोसियम नाही पाहिलं तरी चालेल, कबरी पाहायच्या. कलोसियम पाहिलंच, पण ख्रिस्ती लोकांना नेमकं तिथेच मारलं याचा भक्कम पुरावा नाही. कॅटाकोम्बचं तसं नाही. इथे नावं दगडात कोरलेली आहेत.

एक गैरसमज मात्र वरच ठेवून खाली उतरा. रोमन सम्राटांच्या छळाच्या काळात ख्रिस्ती लोक इथे लपून राहत, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. ही लपायची जागा नव्हतीच, हे कबरस्तान होतं. शहराच्या हद्दीत मृतांना पुरायला रोमन कायद्याची बंदी, म्हणून सगळी कबरस्तानं वेशीबाहेरच्या रस्त्यांवर. इथला दगड ज्वालामुखीच्या राखेचा, खोदायला मऊ आणि हवा लागली की घट्ट होणारा. जागा कमी पडली की आणखी खाली खोदायचं. असे चार मजले झाले आणि बोळांची लांबी भरली सुमारे २० किलोमीटर.

गाईडशिवाय आत सोडत नाहीत. इंग्रजी गट मिळतो. फोटोला सक्त मनाई. आत बारा महिने १५-१६ अंशांचा गारवा असतो, म्हणून उन्हाळ्यातही शाल घ्या. पायऱ्या बऱ्याच आहेत. आईचे गुडघे दुखतात, ती भिंतीला हात लावत उतरली. बंद जागेत ज्यांचा जीव घाबरतो त्यांनी वर थांबलेलं बरं.

वेळ काढायचा तो पोपांच्या दालनात. तिसऱ्या शतकातले नऊ पोप इथे पुरले होते. त्यांतल्या पोप फाबियानची शिळा नीट बघा. इ.स. २५० मध्ये सम्राट डेसियसने हुकूम काढला : प्रत्येकाने देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडलेत, अगदी आपल्या तहसील कार्यालयातल्यासारखे, साक्षीदाराच्या सहीसकट. त्याच वर्षी जानेवारीत फाबियानचा बळी गेला. शिळेवर ग्रीकमध्ये नाव आणि ‘बिशप’ एवढंच आहे. शेजारी तीन अक्षरं एकमेकांत गुंतवून, आपल्या जोडाक्षरासारखी, कोरली आहेत : ‘मार्तिर’चं, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्याचं, लघुरूप. ही खूण उथळ आहे, मागाहून कोरलेली. म्हणजे आधी माणूस पुरला आणि पदवी नंतर आली. ‘मार्तिर’चा मूळ अर्थ साक्षीदार. आपल्या मराठी मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) ‘रक्तसाक्षी’ म्हणतात, तो शब्द मला तिथे पहिल्यांदा नीट कळला.

तशीच खूण पोप पोंतियानच्या शिळेवरही आहे. २३५ मध्ये त्याला सार्डिनियाला हद्दपार केलं आणि तो तिकडेच मेला. त्याचा देह परत आणला तो फाबियाननेच. पुढे ६ ऑगस्ट २५८ ला पोप दुसऱ्या सिक्स्टसला चार डीकनांसह (चर्चच्या सेवकांसह) कबरस्तानातच पकडून ठार केलं. शंभरेक वर्षांनी पोप दमासने इथे कविता कोरून घेतली. तिच्यात तो म्हणतो, मलाही इथेच पुरून घ्यावंसं वाटत होतं, पण पुण्यवंतांची राख चाळवायची भीती वाटली. पोपला वाटलेला हा संकोच मला फार आवडला.

शेजारच्या दालनात रक्तसाक्षी संत सिसिलियाच्या पुतळ्याची प्रतिकृती आहे. मूळ पुतळा स्तेफानो मादेर्नोने १६०० साली घडवला, तो त्रास्तेव्हेरेतल्या तिच्या चर्चमध्ये आहे. मूळच पाहा. मानेवरचा घाव आणि जमिनीकडे वळलेला चेहरा जवळून बघता येतो. तिची प्रचलित कथा बरीच नंतरची आहे, हे मी आईला सांगितलं नाही. त्या चर्चमध्ये खांदे झाकून जा.

पाय चालत असतील तर लगेच सॅन सेबॅस्टियानोची कॅटाकोम्ब गाठा, जवळच आहे. ‘कॅटाकोम्ब’ हा शब्दच या खड्डेदार जागेच्या नावावरून आला. इथल्या एका भिंतीच्या गिलाव्यावर लोकांनी टोकदार वस्तूने ओरखडून लिहिलंय : पेत्र, पौल, आमच्यासाठी प्रार्थना करा. अशा सहाशेहून जास्त ओळी आहेत. कुणाचं अक्षर वळणदार, कुणाचं तिरकं, कुणाची व्याकरणाची चूक. लोक इथे येऊन संतांच्या नावाने जेवत. टोमियस सेलियस नावाच्या एकाने तर नोंदच करून ठेवलीय की पेत्र-पौलासाठी मी जेवण घातलं. आईला अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आपल्या दोन नोव्हेंबरसारखंच की, मृतांच्या स्मरणाच्या दिवसासारखं.” आणि पर्समधली मेणबत्ती काढली. गाईडने नम्रपणे मान हलवली, आत काहीही पेटवायला परवानगी नाही. तुम्ही मेणबत्ती नेणार असाल तर वरच्या चर्चमध्ये लावा. आम्ही तिथेच लावली.