उन्हाळा, तलाव आणि सरकणारी सावली

पोहण्याच्या तलावाजवळ पोहोचताच नाकात शिरणारा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ असल्याची खूण, असं बहुतेकांना वाटतं. प्रकार नेमका उलटा आहे. पाण्यात क्लोरीन मोकळं असतं तेव्हा त्याचा वास फारसा जाणवत नाही. घाम आणि लघवी यांतल्या नायट्रोजनयुक्त घटकांशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतात. डोळे लाल होणं, नाक झोंबणं, मधूनच खोकल्याची उबळ येणं हे सगळं त्यांचं काम. वास जितका जास्त, तितकं क्लोरीन मळाशी झुंजण्यात खर्ची पडलंय, असं समजा. म्हणून ‘आंघोळ करूनच पाण्यात उतरा’ ही पाटी शिष्टाचारासाठी नसते. शॉवरखाली 1 मिनिट अंग चोळून धुतलं तरी बराचसा मळ तिथेच वाहून जातो. पण रांग मोठी असली की नेमकं हेच मिनिट वाचवलं जातं.

उन्हाळ्यात सार्वजनिक जागांची मजा जागेपेक्षा वेळेवर जास्त ठरते. तोच तलाव सकाळी 6 ला वेगळा असतो आणि संध्याकाळी 5 ला वेगळा. रात्रभर पंप चालू राहिला तर पाणी गाळणीतून फिरत राहतं. तलावाचं सगळं पाणी साधारण 6 तासांत एकदा गाळणीतून जावं, असा हिशेब बऱ्याच ठिकाणी धरलेला असतो. पहाटे पाण्यात माणूसही नसतो, त्यामुळे पहिल्या बॅचला निवळलेलं पाणी मिळतं. दिवस चढतो तशी गर्दी वाढते, आणि उघड्या तलावात वरून ऊनही पडतं. सूर्याची अतिनील किरणं क्लोरीन मोडतात. त्याला आळा घालायला पाण्यात सायन्युरिक आम्ल घालतात, पण ते जास्त झालं तर क्लोरीनची मारकशक्तीच मंदावते. थोडक्यात, सुट्टीच्या दिवशी दुपारनंतरची बॅच ही पाण्याच्या दृष्टीने सगळ्यात कठीण वेळ. जमत असेल तर पहिली बॅच पकडा.

उतरण्याआधी काठावर उभं राहून तळाकडे बघा. खोल बाजूची निचऱ्याची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. ती धूसर दिसत असेल तर पाणी गढूळ आहे, आणि मग तळाशी गेलेला माणूसही वरून दिसणार नाही. अशा पाण्यात उतरूच नका. ती जाळी तुटलेली किंवा निसटलेली असेल तर जीवरक्षकाला लगेच सांगा, कारण निचऱ्याच्या ओढीत केस किंवा कपडा अडकू शकतो. कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर पाण्याचे आकडे लिहिलेले असतील तर दोनच बघायचे: मोकळं क्लोरीन दर लिटरला किमान 1 मिलिग्रॅम, आणि सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) 7 ते 7.8 च्या दरम्यान. सामू वर गेला की क्लोरीन असूनही नीट काम करत नाही.

सुती कपडे घालून पोहू देत नाहीत याची कुरकुर सगळीकडे चालते. सूत पाणी पिऊन जड होतं, पोहणाऱ्याला खाली ओढतं आणि त्याचे धागे सुटून गाळणीत अडकतात. केस लांब असतील तर टोपी घालण्याआधी ते साध्या पाण्याने चिंब भिजवा. आधीच भिजलेला केस तलावाचं पाणी कमी शोषतो. पोहण्याचा चष्मा विकत घेताना पट्टा डोक्यामागे न नेता नुसत्या वाट्या डोळ्यांवर दाबून हात सोडा. दोन-तीन क्षण त्या चिकटून राहिल्या तर माप बरोबर. माप चुकलं असेल तर पट्टा कितीही आवळा, पाणी आत येतंच, वर डोळ्यांभोवती वळ उठतात ते वेगळे. आतून बोट फिरवून काच पुसू नका, धुकं न धरण्याचा थर त्यानेच निघून जातो. वाट्या तलावाच्याच पाण्यात बुडवून घेतल्या की काच आणि पाणी यांच्या तापमानातला फरक कमी होतो आणि धुकंही कमी धरतं. कपडे बदलायच्या खोलीत चप्पल काढू नका, आणि बाहेर पडताना बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पायाची बुरशी ओल्या फरशीवरूनच घरी येते. कानात पाणी राहिलं तर मान तिरकी करून कानाची पाळी हलकेच ओढा. कापसाची काडी घालू नका, तिने आतली नाजूक त्वचा खरवडते आणि संसर्गाला वाट मिळते.

एका पट्ट्यात तिघे-चौघे पोहत असतील तर गोल फिरायचं असतं. जाताना एका कडेने, येताना दुसऱ्या कडेने. कुठली कड ते तिथल्या रिवाजाप्रमाणे, म्हणून आधी मिनिटभर बघून मग उतरा. मागून कोणी वेगात येत असेल तर भिंतीपाशी थांबून त्याला पुढे जाऊ द्या, मध्येच वळू नका. दम खायला थांबायचं ते कोपऱ्यात. भिंतीचा मधला भाग वळणाऱ्यासाठी मोकळा हवा. हे एवढं पाळलं तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

मुलांबद्दल मात्र जरा थांबून लिहायला हवं. बुडणारं मूल ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला येऊन पुन्हा खाली जातं, डोकं मागे कललेलं असतं, शरीर उभंच राहतं आणि पाय मारल्याचं दिसत नाही. श्वास घ्यायलाच उसंत नसते, ओरडायला कुठून मिळणार? हे सगळं मिनिटाच्या आत होऊ शकतं. लहान मूल पाण्यात असेल तर मोठ्या माणसाने हात लांबवला की पोहोचेल इतकंच अंतर ठेवावं. चार-पाच कुटुंबं मिळून आली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. त्यापेक्षा 15-15 मिनिटांची पाळी ठरवा, आणि ज्याची पाळी त्याने फोन पिशवीत टाकावा. हवेचे बाजूबंद ही खेळणी आहेत, जीव वाचवायची साधनं नव्हेत. पोशाख भडक नारिंगी किंवा पोपटी घ्या. निळा आणि पांढरा रंग पाण्याखाली विरघळल्यासारखा दिसेनासा होतो.

मोठ्या मुलांचा धोका वेगळा. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो ही पैज लागली की आधी भराभर खोल श्वास घेतले जातात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि श्वास घेण्याची तातडी वाटायचीच थांबते. मुलगा आरामात पोहतोय असं दिसत असतानाच तो बेशुद्ध होतो. ही पैज काठावरच मोडून काढा. उथळ बाजूला सूर मारण्याचंही तेच, मानेचं हाड मोडायला एक उडी पुरते.

पोट बिघडलं असेल तर त्या दिवशी तलाव नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यातही 7 दिवसांहून जास्त तग धरतो. त्याचंच निदान झालं असेल तर जुलाब थांबल्यावरही 2 आठवडे पाण्यापासून लांब राहावं.

आता बागेकडे. बागेत जागा निवडताना लोक आत्ताची सावली बघून बसतात, आणि अर्ध्या तासाने सतरंजी ओढत निघतात. सूर्य तासाला 15 अंश सरकतो. दुपारनंतर सावली पूर्वेकडे लांबते, म्हणून 3 ला बसून 6 पर्यंत गप्पांचा फड जमवायचा असेल तर झाडाच्या किंवा भिंतीच्या पूर्वेला, सावलीच्या आतल्या कडेला नव्हे तर बाहेरच्या कडेला जागा धरा. तासाभरात सावलीच तुमच्याकडे येईल. सकाळी हेच उलटं. पत्र्याच्या छपरापेक्षा दाट झाड केव्हाही बरं. पत्रा तापून खाली उष्णता फेकतो, झाडाची पानं बाष्प सोडून हवा थंड ठेवतात. उन्हाचा जोर जोखायला आपलीच सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य 45 अंशांच्या वर आहे आणि अतिनील किरणांचा मारा जोरात आहे. तेव्हा उघड्यावर थांबायचंच असेल तर टोपी आणि पूर्ण बाह्या घाला. सनस्क्रीन लावणार असाल तर हात आखडता घेऊ नका. पूर्ण अंगाला मोठ्या माणसाला साधारण 30 मिलिलिटर लागतं, आणि दर 2 तासांनी किंवा पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावं लागतं.

खेळण्यांना हात लावल्याशिवाय मुलांना सोडू नका. पंजाची मागची बाजू घसरगुंडीवर 5 सेकंद टेकवा. तुम्हाला सोसत नसेल तर मुलाच्या मांडीला भाजणारच. नुसत्या पत्र्याचीच घसरगुंडी तापते असं नाही, गडद प्लास्टिक आणि खालची काळी रबरी फरशीही चटका देते. आणि प्रेमापोटी होणारी एक चूक: तान्ह्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येणं. मुलाचा बूट कडेला अडकतो, मोठ्या माणसाचं वजन मात्र खाली येतच राहतं आणि नडगीचं हाड पिळवटून मोडतं. मूल एकटं घसरायला घाबरत असेल तर बाजूला उभं राहून हात धरा.

11 ते 4 ही वेळ वाचनालयाची. फक्त आधी चौकशी करा, कारण बऱ्याच ठिकाणी पुस्तक घरी न्यायला सभासदत्व लागतं, तिथेच बसून वाचायला नाही. पंख्याखालची जागा आणि दारापाशी प्यायचं पाणी, भर दुपारी आणखी काय हवं.

ऊन कलल्यावर मैदान. इथेही जमीन बघून जागा ठरवा. सिमेंट आणि डांबर दिवसभराची उष्णता सूर्यास्तानंतरही सोडत राहतात, माती आणि गवत लवकर निवतात. कृत्रिम हिरवळ सगळ्यात फसवी. दिसायला थंड, पण भर उन्हात 60 अंशांच्या पुढे जाऊ शकते, आणि पाणी मारलं तरी थोड्याच वेळात पुन्हा तापते. तिच्यावर अनवाणी खेळू नये. बॅडमिंटनवाल्यांसाठी एक बारकावा: गरम हवा विरळ असते, त्यामुळे तेच फूल उन्हाळ्यात लांब जातं आणि सगळे ‘आज हात जोरात चाललाय’ म्हणून खूश होतात. नायलॉनच्या फुलाच्या बुडाशी रंगीत पट्टी असते. लाल म्हणजे वेगवान, निळी मध्यम, हिरवी संथ. उन्हाळ्यात हिरवी घ्या.

मैदान एक आणि खेळणारे वीस असले की ‘जिंकेल तो राहील’ हा नियम थंडीत ठीक. उन्हात तोच संघ सलग तासभर पळतो आणि बाकीचे नुसते ताटकळतात. 15 मिनिटांनी दोन्ही संघ बाहेर, हे उत्तम. सगळ्यांना पाणी प्यायला वेळ मिळतो आणि नवख्यालाही आत येता येतं. पाणी तहान लागायची वाट न बघता दर 15-20 मिनिटांनी पेलाभर प्यायचं, एकदम बाटली रिती करायची नाही. सार्वजनिक नळाची तोटी दिवसभर तापलेली असते, म्हणून पहिली 10-15 सेकंद येणारं कोमट पाणी जवळच्या रोपाला द्या, मग बाटली भरा. बाटलीचं तोंड तोटीला टेकवू नका. सुट्टी लागल्याबरोबर पहिल्याच दिवशी दोन तास खेळू नका. शरीराला उष्णतेची सवय व्हायला 1 ते 2 आठवडे लागतात, वेळ रोज थोडा थोडा वाढवा. चक्कर, मळमळ, पायात गोळे आले की खेळ थांबवून सावली. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग तापून शुद्ध हरपत असेल तर तो उष्माघात. रुग्णवाहिका बोलवा, ती येईपर्यंत अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नका.

गडगडाट ऐकू आला तर तलाव आणि मैदान दोन्ही रिकामं करा, झाडाखालीही थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबून मगच परत या.

रात्री उघड्यावर गाणं किंवा नाटक असेल तर बसक्या खुर्च्या आणि सतरंज्या पुढे, उंच खुर्च्या मागे. आयोजकांनी हे सुरुवातीलाच दोरी लावून आखलं तर पुढे ‘अहो, जरा बसा ना’ची गरज पडत नाही. डासांसाठी मलम लावताना सनस्क्रीन आधी, मलम नंतर. पंखा मिळाला तर पायांकडे रोखून ठेवा, डास उडायला कच्चे असतात, वाऱ्यात टिकत नाहीत. एकत्र जेवण असेल तर हवा 32 अंशांच्या वर असताना बाहेर काढलेलं खाणं तासाभरात संपवा, उरलेलं ‘घरी नेऊ’ म्हणून ठेवू नका.

आणि या जागा चालू राहायच्या तर तक्रार लिहिता आली पाहिजे. ‘बागेची दुर्दशा झाली आहे’ या वाक्यावर कोणीच काही करू शकत नाही. जागा, तारीख, वेळ, जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक आणि दोन फोटो द्या, एक जवळून आणि एक लांबून. एका अर्जात एकच दोष लिहा, कारण दिवा, नळ आणि झोपाळा यांची कामं वेगवेगळ्या माणसांकडे असतात. नळाबद्दल लिहिताना तोटी गळते की पाणीच येत नाही, ते स्पष्ट करा. गळतीला बहुधा वॉशर लागतो, पाणी येत नसेल तर वाहिनी आणि झडप तपासावी लागते, आणि वॉशर घेऊन आलेला माणूस कोरड्या नळाकडे बघून तसाच परत जातो.