यश ओढवत नाही

इंग्रजी शिकताना पहिली काही वर्षे मी दोन रकान्यांची वही वापरली. डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. त्या वहीत 'कॉज' या क्रियापदासमोर 'घडवून आणणे' असे लिहिलेले होते. तेवढ्या भांडवलावर मी माझ्या शिक्षकांना आभाराचे पत्र लिहिले आणि त्यात 'युअर गायडन्स कॉज्ड माय सक्सेस' असे वाक्य घातले. व्याकरण बिनचूक होते आणि अर्थही कोशातलाच होता. पत्र परत आले, तेव्हा त्या वाक्याखाली पेन्सिलीने तीन वाक्ये लिहिलेली होती: 'द रेन कॉज्ड अ लाँग डिले', 'स्मोकिंग कॉजेस कॅन्सर', 'द स्टॉर्म कॉज्ड सिरियस डॅमेज'. बाकी एक अक्षरही नव्हते.

ती वाक्ये दोन-तीनदा वाचल्यावर ध्यानात आले की एकात उशीर आहे, एकात आजार आणि एकात नुकसान. म्हणजे 'कॉज'च्या मागोमाग बहुतेक वेळा नकोशी गोष्टच येते. मराठीत संकट ओढवते, नामुष्की ओढवते, पण यश ओढवले असे कोणी म्हणत नाही, आणि हा नियम आपल्याला कोणी शिकवलेलाही नसतो. तो शब्द लहानपणापासून ज्या वाक्यांतून कानावर पडला, त्या वाक्यांनीच तो शिकवलेला असतो. इंग्रजीची तशी वाक्ये मात्र आपल्याला मुद्दाम गोळा करावी लागतात.

बर्मिंगहॅम विद्यापीठातले भाषावैज्ञानिक जॉन सिंक्लेअर यांना प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा मोठा साठा संगणकावर तपासताना 'सेट इन' (सुरू होऊन ठाण मांडणे) या क्रियापदाबद्दल हेच आढळले होते: कुजणे, निराशा अशा अप्रिय गोष्टींच्याच सोबतीने ते बहुधा येते. १९८७ साली त्यांच्या संपादनाखाली शिकणाऱ्यांसाठी जो कोश निघाला, त्यातली उदाहरणे याच साठ्यातून घेतलेली होती. त्याच्या कितीतरी आधी, १७५५ साली, सॅम्युएल जॉन्सन यांनी आपल्या कोशात लाखाहून अधिक अवतरणे देऊन शब्द वापरात कसा दिसतो हे दाखवले होते. उदाहरण म्हणजे अर्थाला लावलेली पुरवणी, असे मी पूर्वी समजत असे. आता मी कोश उघडला की आधी उदाहरणच वाचतो.

मराठी अर्थ कधीकधी थेट चुकीकडेही नेतो. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'नंतर 'अबाउट' लिहावेसे वाटते. कोणाशी तरी लग्न करतो, म्हणून 'मॅरी'ला 'विथ' जोडावेसे वाटते. 'वी डिस्कस्ड द प्लॅन' आणि 'शी मॅरिड अ डॉक्टर' ही दोन वाक्ये तोंडात बसली की ही शब्दयोगी अव्यये आपोआप गळून पडतात. 'अव्हॉइड' आणि 'प्रिव्हेंट' या दोन्हींसमोर माझ्या वहीत 'टाळणे' होते. 'ही अव्हॉइडेड मी' म्हणजे त्याने मला टाळले. पण 'ही प्रिव्हेंटेड मी फ्रॉम लीव्हिंग' म्हणजे त्याने मला जाऊ दिले नाही. दोहोंतले अंतर एका शब्दाच्या अर्थात मावणारे नव्हते.

अर्थात कोणतेही वाक्य चालत नाही. 'शी वॉज रिलक्टंट' या वाक्यातून काहीच कळत नाही. ती उत्सुक होती की थकलेली होती, दोन्ही शक्य वाटते. 'शी वॉज रिलक्टंट टू लीव्ह बिकॉज द बेबी वॉज स्टिल क्राइंग' असे असेल, तर कोश न उघडताही तिची नाखुशी उमगते आणि 'रिलक्टंट'नंतर 'टू' येतो हेही त्याच फेरीत समजते. असे वाक्य सापडले की मी ते वहीत उतरवतो, आणि चार दिवसांनी नवा शब्द बोटाने झाकून ती रिकामी जागा भरून पाहतो. त्यानंतर त्याच्याखाली त्याच शब्दाचे, माझ्या त्या दिवसातल्या खऱ्या गोष्टीबद्दलचे एक वाक्य लिहितो. वहीचा उजवा रकाना आता त्याच वाक्यांसाठी आहे.