१४४ हर्ट्झच्या पुढे: मॉनिटर ओव्हरक्लॉकिंगची आतापर्यंतची नोंद

हा प्रयोग १९२०×१०८० रेझोल्यूशनच्या, आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) पॅनेल असलेल्या गेमिंग मॉनिटरवर चालू आहे. त्याचा मूळ कमाल रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला जितक्या वेळा नवे चित्र दाखवतो तो आकडा, १४४ हर्ट्झ आहे. हा वेग उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे नेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. तो १६५ हर्ट्झपर्यंत जातो का आणि गेलाच तर तेथे ठेवण्यात अर्थ आहे का, हे दोन प्रश्न मी मुद्दाम वेगळे ठेवले आहेत.

आधी लाभाचा हिशोब मांडतो. १४४ हर्ट्झला एक फ्रेम ६.९४ मिलिसेकंद टिकते आणि १६५ हर्ट्झला ६.०६, म्हणजे मिळकत जेमतेम ०.८८ मिलिसेकंदाची आहे. याउलट ६० हर्ट्झचा साधा मॉनिटर ७५ वर नेला तर प्रत्येक फ्रेममागे ३.३३ मिलिसेकंद वाचतात. खरा फायदा जुन्या ६० हर्ट्झवाल्यांचा आहे. माझ्या बाबतीत कुतूहलाचा वाटा मोठा आहे, हे मान्य करूनच पुढे गेलेले बरे.

केबलचा अडथळा लवकर निकालात निघाला. दृश्य पिक्सेलांभोवतीची रिकामी जागा, म्हणजे ब्लँकिंग, धरून एक फ्रेम २२००×११२५ ची होते आणि १४४ हर्ट्झला पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवण्याचा वेग, ३५६.४ मेगाहर्ट्झ येतो. एचडीएमआय १.४ ची मर्यादा ३४० मेगाहर्ट्झ असल्याने या टायमिंगसाठी ती वाट आधीच बंद होती. डिस्प्लेपोर्ट १.२ वर मात्र १६५ हर्ट्झला आठ बिट रंगासह सेकंदाला सुमारे ९.८ गिगाबिट लागतात आणि उपलब्ध १७.२८ असतात. त्यामुळे जी काही मर्यादा येणार ती मॉनिटरच्या आतल्या टायमिंग कंट्रोलरची (पॅनेलला सिग्नल वेळेवर पुरवणाऱ्या चिपची) आणि पॅनेलचीच असणार, हे स्पष्ट झाले.

सीआरयू (कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी) हे विंडोजवर नवे रिफ्रेश रेट जोडण्याचे साधन वापरून पाच-पाच हर्ट्झने वर जात राहिलो. १५० आणि १५५ ला काहीच खटकले नाही. १६० ला गेममध्ये फरक कळला नाही, परंतु सपाट करड्या पार्श्वभूमीवर बारीक उभ्या रेषा दिसू लागल्या आणि मधल्या छटा किंचित सरकल्या. पॅनेलची प्रत्येक ओळ चार्ज होण्यासाठी १४४ हर्ट्झला ६.१७ मायक्रोसेकंद मिळतात, तर १६० ला ५.५६. ट्रान्झिस्टरला तेवढ्या वेळात पिक्सेलचा व्होल्टेज पुरा गाठता आला नाही, की रंग आणि गॅमा (मधल्या छटांची उजळता) बिघडतात. कॅलिब्रेशन केलेल्या मॉनिटरवर ओव्हरक्लॉक करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण जुनी रंग-प्रोफाइल नव्या रिफ्रेश रेटला लागू पडेलच असे नाही.

१६५ ला चित्र स्थिर होते, विंडोजही १६५ दाखवत होते, आणि नेमकी येथेच फसगत होते. मॉनिटर सिग्नल स्वीकारतो, पण काही फ्रेम पडद्यावर न रेखाटता गाळून टाकतो. टेस्टयूएफओ या मॉनिटर-चाचणीच्या संकेतस्थळावरील फ्रेम स्किपिंग चाचणीत शटर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उघडा ठेवून फोटो काढला, तेव्हा सलग उजळलेल्या चौकोनांच्या रांगेत मध्येच रिकामी घरे दिसली. हा फोटो काढल्याशिवाय कोणत्याही ओव्हरक्लॉकवर विश्वास ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. १७० ला ‘आउट ऑफ रेंज’ असा संदेश आला. त्याने पॅनेल जळत नाही आणि बदल कायम केला नाही तर विंडोज पंधरा सेकंदांत मागे फिरते, तरीही सीआरयूची रिसेट-ऑल फाइल हाताशी असावी. वॉरंटीचा प्रश्न ज्याने त्याने आपापल्या अटी वाचून सोडवावा.

ओव्हरड्राइव्हचे, म्हणजे पिक्सेलने रंग लवकर बदलावा म्हणून त्याला जादा व्होल्टेज देण्याच्या सोयीचे, गणित अधिक किचकट आहे. त्याच्या पातळ्या उत्पादकाने मूळ रिफ्रेश रेट समोर ठेवून जुळवलेल्या असतात. फ्रेमचा अवधी घटला, की मधली पातळी अपुरी पडून हलत्या वस्तूमागे शेपूट राहते आणि वरची निवडली तर कडांभोवती उलट घोस्टिंगची (रंग हवा त्यापुढे गेल्याने दिसणारी) उजळ झालर उमटते. थंड पॅनेलमध्ये लिक्विड क्रिस्टल मंद हलतात, म्हणून ही तुलना मॉनिटर अर्धा तास चालू राहिल्यावरच करावी.

पिक्सेल क्लॉक कमी राखण्यासाठी उभे ब्लँकिंग ४५ ओळींवरून खाली आणून पाहिले, तेव्हा वेगळीच किंमत मोजावी लागली. ग्राफिक्स कार्ड आपल्या मेमरीचा वेग त्या रिकाम्या अवधीतच बदलते. तो फार लहान झाल्याने डेस्कटॉपवर काहीही चालू नसताना मेमरी पूर्ण वेगाने धावत राहिली आणि पंखे फिरू लागले. ब्लँकिंग पूर्ववत केले.

उत्पादकांनाही ही देवाणघेवाण चुकलेली नाही. २०१८ मध्ये आलेल्या आसूसच्या पीजी२७यूक्यू या ४के मॉनिटरवर १४४ हर्ट्झ मिळवण्यासाठी ४:२:२ क्रोमा सबसॅम्पलिंग, म्हणजे रंगाची माहिती निम्म्या तपशिलाने पाठवणे, स्वीकारावे लागे, आणि त्यात रंगीत अक्षरांच्या कडा मळकट होत.

सध्या मी १५५ वर थांबलो आहे. मूळ वेगापेक्षा फ्रेममागे अर्धा मिलिसेकंदही वाचत नाही, पण रंग आणि फ्रेम दोन्ही शाबूत आहेत. फ्रीसिंकची (गेमच्या फ्रेम रेटप्रमाणे मॉनिटरचा रिफ्रेश रेट बदलत ठेवणाऱ्या सोयीची) वरची मर्यादाही १५५ केली असून गेमचा फ्रेम रेट १५१ वर रोखला आहे. पुढची तपासणी कमी फ्रेम रेटची आहे: फ्रीसिंक चालू असताना फ्रेम रेट साठच्या आसपास घसरला, की हाच ओव्हरड्राइव्ह कितपत टिकतो, ते पाहायचे आहे.