तुम्ही विचारलंत म्हणून: थोमाचं शुभवर्तमान आणि आमचा विश्वास

"चर्चने दडवलेली शुभवर्तमानं इजिप्तमध्ये सापडली. आता तुमच्या विश्वासाचं काय?" नाताळचा फराळ खाता खाताही लोक हे विचारतात. 1945 साली नाग हम्मादीजवळ मडक्यात सापडलेल्या कॉप्टिक (म्हणजे इजिप्तच्या जुन्या भाषेतल्या) पोथ्यांची, ज्यांत थोमाचं शुभवर्तमानही होतं, कथा विचारणाऱ्यांना पाठ असते, म्हणून ती सोडून देतो.

'दडवली' हे मला पटत नाही. इरिनियस या बिशपने साधारण 180 साली नॉस्टिक, म्हणजे गुप्त ज्ञानाने मुक्ती मिळते असं मानणाऱ्या, पंथांच्या मतांवर पाच खंड लिहिले, नावं घेऊन, कारणं देऊन. त्याच्या शहरात तीनच वर्षांपूर्वी ख्रिस्ती लोकांना जाहीरपणे मारलं होतं. दडपायला लागते ती सत्ता त्याच्याकडे नव्हतीच. 367 सालची गोष्ट मात्र वेगळी. त्या वर्षी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने नव्या कराराच्या 27 पुस्तकांची यादी दिली आणि बाकीची टाळायला सांगितलं. त्या धास्तीने कुणी पोथ्या पुरल्या असतील, हा तर्क मी खोडू शकत नाही.

पण विचारण्याआधी वाचा तरी. थोमात येशूची म्हणून 114 वचनं आहेत, एका बैठकीत होतात. शेजारी बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान उघडा: 9व्या वचनात पेरणारा, 20व्यात मोहरीचा दाणा, 26व्यात कुसळ-मुसळ. ओळखीचं वाटेल. मग 107वं वाचा. हरवलेलं मेंढरू तिथेही आहे, पण ते कळपातलं सगळ्यात मोठं, आणि मेंढपाळ त्याला सांगतो की नव्व्याण्णवांपेक्षा तू मला जास्त प्रिय आहेस. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या मेंढराची लायकी एवढीच की ते हरवलं होतं. माझा विश्वास या फरकावर उभा आहे. आणि थोमा म्हणजे स्त्रियांचा कैवारी, असं सांगणारे 114व्यापर्यंत पोचलेले नसतात. तिथे येशू म्हणतो, मरीयेला मी पुरुष करीन.

आता 2012. सप्टेंबरमध्ये रोममध्ये हार्वर्डच्या प्राध्यापिका कॅरन किंग यांनी पपायरसचा (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचा) कॉप्टिक मजकूर असलेला एक तुकडा जाहीर केला. साधारण चार बाय आठ सेंटिमीटर. त्यात येशू म्हणतो, 'माझी बायको'. आमच्यातल्या बहुतेकांनी त्याच दिवशी 'खोटं' म्हणून टाकलं; व्हॅटिकनच्या वृत्तपत्रानेही महिना संपायच्या आत तेच म्हटलं. 2014 मध्ये चाचण्या आल्या: पपायरस खरोखर जुना, शाईत आधुनिक काही सापडलं नाही. आम्ही गप्प. पण मजकुराकडे नीट पाहणं 2012 मध्येच सुरू झालं होतं. शब्द थोमातूनच जुळवलेले, आणि थोमाच्या इंटरनेटवरच्या एका प्रतीत टंकताना गळलेलं एक अक्षर या तुकड्यातही गळलेलं. त्याच मालकाकडे त्याच हस्ताक्षरातला योहानाच्या शुभवर्तमानाचा तुकडा निघाला, तो 1924 च्या छापील आवृत्तीतून एकाआड एक ओळ उचललेला. कोरा जुना पपायरस बाजारात मिळतो, काजळीची शाई घरी बनते; म्हणून प्रयोगशाळा फसते आणि व्याकरण पकडतं. 2016 मध्ये एका पत्रकाराने मालकाचा माग काढला, तेव्हा किंग यांनीही तो बनावट असावा हे मान्य केलं.

आम्ही बरोबर ठरलो, पण त्यात आमचं काय? न वाचता 'खोटं' म्हणणारा आणि न वाचता 'खरं' म्हणणारा, दोघांनीही काम केलं नव्हतं. काम केलं ते कॉप्टिक जाणणाऱ्यांनी, आणि त्यातले काही आमच्यासारखेच श्रद्धाळू होते.

पूर्वी मी एक ठरलेलं उत्तर देत असे: ही पुस्तकं उशिराची, म्हणून बाद. नाग हम्मादीतल्या बऱ्याच पुस्तकांना ते लागू पडतं. थोमाला पडेलच असं नाही. त्यातली काही वचनं फार जुनी असू शकतात, अभ्यासकांचं यावर एकमत नाही. मग एखादं येशूच्याच तोंडचं असलं तर? अभ्यासवर्गात मी ते वाचून दाखवीन. रविवारच्या उपासनेत वाचणार नाही. का, असं विचाराल तर माझ्याकडे असलेलं उत्तर माझं मलाच अर्धं पटतं.