दाबून चालवायच्या डिझेलसाठी ऑइल: गेजचे आकडे, लॅब रिपोर्ट आणि ठरलेला ग्रेड

ऑइल टेम्परेचर गेजचे आकडे हाताशी आले, वापरलेल्या ऑइलचा लॅब रिपोर्टही आला. त्यामुळे पुढचं ऑइल कुठलं, हे आता ठरलंय.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी: २ लिटर कॉमन रेल डिझेल, व्हेरिएबल टर्बो, ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी व्यवस्था), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर). रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल, नाही. मॅन्युअलमध्ये एसीईए सी३ (युरोपियन गाडी कंपन्यांच्या संघटनेचा ऑइलचा दर्जा) मागितलंय आणि जाडीचे ५डब्ल्यू-३० व ५डब्ल्यू-४० असे दोन्ही ग्रेड चालतात. आत्तापर्यंत ५डब्ल्यू-३० होतं.

आधी गेज. कूलंटचा काटा मधोमध आला की इंजिन तापलं असं आपण धरून चालतो. ऑइल तेव्हा जेमतेम साठीच्या घरात असतं. सपाट रस्त्यावर ते ९५ ते १०० अंशांवर स्थिरावतं. भरलेली गाडी घेऊन लांब चढ लागला, तिसऱ्या गिअरमध्ये बूस्ट धरून ठेवला, की १२० ओलांडतं. डॅशबोर्डवरचा काटा या सगळ्यात तसूभर हलत नाही, कारण बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. शिवाय माझा सेन्सर सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात आहे. बिग एंड बेअरिंगमधली (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथली) आणि टर्बोच्या शाफ्टभोवतीची ऑइलची पातळ फिल्म याहून बरीच गरम असते.

म्हणूनच डब्यावरच्या ३० किंवा ४० या आकड्यावर माझं समाधान होत नाही. तो आकडा १०० अंशांवर, ऑइल स्वतःच्या वजनाने वाहत असताना मोजलेला असतो: ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक) म्हणजे ३०, १२.५ ते १६.३ म्हणजे ४०. दाबून चालवणाऱ्याने एचटीएचएस, म्हणजे खूप गरम आणि जोरात घासलं जात असतानाची ऑइलची जाडी, बघावा. तो १५० अंशांवर आणि बेअरिंगमध्ये असतो तसा प्रचंड शिअर (थरांमधलं घासणं) देऊन मोजतात. डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेली दोन ऑइलं इथे वेगळी पडतात: एसीईए सी२ मध्ये एचटीएचएस किमान २.९, सी३ मध्ये किमान ३.५. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर ग्रेडमध्ये काहीही फरक दिसणार नाही, पण चढावर बेअरिंगला मिळणारी फिल्म सारखी नसेल. सी२ वाईट नाही. मायलेजसाठी ते बनवलंय आणि ज्या इंजिनाला ते सांगितलंय तिथे तेच घालावं. आपल्या वापराचं ते नव्हे, इतकंच.

मग एचटीएचएस हवाच तर ए३/बी४ (एसीईएचाच दुसरा दर्जा) का नाही, असं बरेच जण विचारतात. तिथेही ३.५ ची अट आहेच. अडचण राखेची आहे. ए३/बी४ मध्ये सल्फेटेड अॅश १ ते १.६ टक्के, सी३ मध्ये जास्तीत जास्त ०.८. डीपीएफमधली काजळी ६०० अंशांच्या आसपास जळून जाते, राख जळत नाही. ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकची ती राख असते आणि फिल्टरमध्ये साठतच जाते. दाबून चालवणारं इंजिन ऑइलही थोडं जास्त खातं, म्हणजे आपलाच फिल्टर आधी भरणार. डीपीएफ नसलेली जुनी डिझेल असेल आणि मॅन्युअलची हरकत नसेल, तर ए३/बी४ मी डोळे झाकून घेईन. आम्ल मारायची ताकद त्यात जास्त असते. ट्रकसाठीचं १५डब्ल्यू-४० या गाडीत नाही.

आता रिपोर्ट. झिजेतून येणारं लोखंड, तांबं जागेवर. सिलिकॉन कमी, म्हणजे एअर फिल्टरचा बॉक्स नीट बसतोय आणि धूळ आत जात नाही. काजळी मर्यादेत. खटकली ती व्हिस्कॉसिटी, म्हणजे १०० अंशांवरची जाडी: नव्या ऑइलच्या डेटाशीटवर १२ च्या आसपास, वापरलेल्यात १० च्या जरा वर. कागदावर अजून ३० च्या ग्रेडमध्येच आहे. पण नवं असतानाच ज्याचा एचटीएचएस ३.५ च्या काठावर होता, तो इतक्या पातळ झालेल्या ऑइलमध्ये तिथे टिकला असेल असं मी धरत नाही.

पातळ होण्याचं कारणही रिपोर्टमध्येच आहे: डिझेल. रीजनरेशनच्या (डीपीएफमधली काजळी जाळण्याच्या) वेळी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, उशिरा जास्तीचं इंधन सोडतो, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून सम्पमध्ये उतरतं. पेट्रोलसारखं ते चटकन उडून जात नाही. डिपस्टिकवर हे आधीच दिसत होतं. मॅक्सच्या खुणेखाली असलेली पातळी खुणेला येऊन टेकली होती, आणि काडीच्या टोकावरचा थेंब लोंबकळत न राहता लगेच सुटत होता. पातळी कमी होत नाही म्हणून खूश होणाऱ्यांनी काडी एकदा नाकाशी धरावी. फिल्टर पेपरवर गरम ऑइलचा थेंब टाकून रात्रभर आडवा ठेवला: मधलं काळं बाहेरच्या बाजूला हळूहळू फिकं होत गेलेलं, म्हणजे डिस्पर्संट (काजळी गोळा होऊ न देणारा घटक) अजून काम करतोय, काठाला मात्र फिकट पिवळसर कडं, ते डिझेलचं. मध्ये कडक कडेचा काळाकुट्ट ठिपका उमटला असता तर त्याच दिवशी ऑइल काढलं असतं. (रंगावरून काही ठरवू नका, डिझेलमध्ये ऑइल काळं व्हायला वेळ लागत नाही.)

तेव्हा निर्णय: ५डब्ल्यू-४०, एसीईए सी३. डेटाशीटवर एचटीएचएस ३.७ च्या वर, आणि नोआक १० टक्क्यांच्या आत. नोआक म्हणजे २५० अंशांवर तासाभरात किती ऑइल उडतं ते. सी३ ची मर्यादा १३ आहे. थोडं डिझेल मिसळलं तरी खाली घसरायला जागा राहते, हाच ४० घेण्याचा हेतू. गाडीच्या कंपनीची मंजुरी डब्यावर क्रमांकासकट छापलेली हवी. नुसतं ‘अमुक स्पेसिफिकेशनसाठी योग्य’ हा ऑइलवाल्याचा स्वतःचा दावा असतो. ०डब्ल्यू-४० सोडलं, कारण डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतला आणि माझ्याकडे तेवढी थंडी नाही. वरून ओतायच्या अॅडिटिव्हच्या बाटल्या अजिबात नाहीत.

ग्रेड बदलला तरी डिझेल सम्पमध्ये येतच राहणार, म्हणून ऑइल मॅन्युअलच्या निम्म्या किलोमीटरवर बदलणार. रेडिएटरचा पंखा जोरात आणि आयडल चढलेलं दिसलं की इंजिन बंद करायचं नाही, रीजनरेशन पुरं होऊ द्यायचं. अर्धवट सोडलं की ईसीयू ते पुन्हा सुरू करतो आणि आणखी डिझेल खाली जातं. चढ संपल्यावर शेवटचं अंतर हलक्या पायाने, टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून कोळसा होऊ नये म्हणून.

पुढचा नमुना गरम ऑइलचा, धार सुरू झाल्यावर थोडं वाहू देऊन मधलाच घेणार, म्हणजे तुलना खरी होईल. १०० अंशांवर तो १२.५ च्या वर राहिला तर हेच ऑइल, हेच अंतर. त्याखाली गेला तर जास्त जाड ऑइलच्या मागे न लागता आधी इंजेक्टरचं लीक-ऑफ (इंजेक्टरमधून परत जाणारं इंधन) तपासून घेईन आणि डीपीएफच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणाऱ्या डिफरन्शियल प्रेशर सेन्सरचं रीडिंग बघेन.