तिन्हीसांजेची मोजणी

ठाण्यातल्या ओवळ्याला आमच्या जुन्या घरामागे जेवढे परस शिल्लक आहे, तेवढ्यात रोज तिन्हीसांजेला मी १९ पर्यंत मोजतो. ९ कोंबड्या, २ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या), १ कोंबडा, ४ बदके आणि ३ गिनी कोंबड्या असा हा हिशेब असून तो पहिल्या फेरीत जुळल्याचे मला फारसे आठवत नाही. घोडबंदर रस्त्याच्या एका अंगाला येऊरचे जंगल आणि दुसऱ्या अंगाला खाडी, मधे तीस-तीस मजल्यांचे मनोरे, आणि त्या मनोऱ्यांच्या खाली हातात काठी घेऊन बदकांची मनधरणी करणारा मी, हे दृश्य वरच्या मजल्यांवरून कसे दिसत असेल, याचा विचार मी सहसा करत नाही.

उजेड उतरू लागला की कोंबडीला दिसेनासे होते, म्हणून ती कोणी न सांगता खुराड्यात शिरते आणि दांडीवरची आपली ठरलेली जागा धरते. बदकांना अंधारातही बऱ्यापैकी दिसत असल्यामुळे घरी परतण्याची निकड त्यांना वाटत नाही. शिवाय दांडीवर बसणे हा त्यांचा धर्म नव्हे, ती जमिनीवर झोपतात आणि झोपतील तेथे चिखल करतात. म्हणून त्यांच्यासाठी वेगळा खण करून त्यात भाताचे तूस जाडसर पसरावे लागते. गिनी आंब्याच्या फांदीवर चढतात आणि तेथेच राहतात. त्यांना मोजायचे म्हणजे विजेरीचा झोत वर टाकून ठिपकेदार पोटे शोधायची. तो झोत शेजारच्या इमारतीतील एखाद्या खिडकीत शिरतो, ही गोष्ट वेगळी.

गिनी पाळणे हा माझा अविचार आहे, असे घरात सर्वांचे एकमत आहे. हा पक्षी मूळचा आफ्रिकेतला, आणि त्याचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. नर कोणता आणि मादी कोणती हे रूपावरून ओळखणे अवघड असते. परंतु मादी दोन अक्षरी ओरडते आणि नराला ती दोन अक्षरे जमत नाहीत, एवढी खूण पुरते. अनोळखी माणूस, कुत्रे, साप, कुरिअरवाला, कोणीही कुंपणाजवळ आले की तिघे मिळून असा गिल्ला करतात की कोंबड्या दाणे सोडून मान वर करतात. कोंबडाही राखण करतो, पण त्याची रीत अधिक नेमकी आहे. आकाशात घार किंवा शिक्रा दिसला तर तो बारीक, लांबवलेला स्वर काढतो आणि कोंबड्या कढीपत्त्याच्या बुडाशी दडतात. जमिनीवरून मांजर किंवा कुत्रे आले तर तोच कोंबडा तुटक, मोठ्याने ओरडतो आणि साऱ्या जणी ताठ उभ्या राहून इकडेतिकडे पाहतात. धोका वरून आहे की खालून, हे आपल्या लोकांना दोन निरनिराळ्या आवाजांत कळवणारा हा गृहस्थ पहाटे साडेतीनला मात्र विनाकारण आरवतो. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे म्हणतात. आमचे कोंबडे तांबडे फुटण्याची वाटच पाहत नाही.

पहिल्या वर्षी मी बाजारात मिळते ती षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी लावली होती. ती जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही, हा फरक मला एका रात्रीत ६ पिल्ले गमावल्यावर समजला. आता अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी आहे. तिचा खालचा भाग फूटभर जमिनीत पुरून बाहेरच्या बाजूला वळवला आहे, कारण मुंगूस असो वा घूस, उकरते ती अगदी कुंपणाच्या पायाशीच, आणि तेथे नखांना पुन्हा जाळीच लागते. कांडेचोर, म्हणजे उदमांजर, वरून उतरतो, त्यामुळे छपराची फटही बुजवावी लागली. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, माझ्या कोंबड्यांना केवळ माझे, तेव्हा राग मुंगसावर न काढता सगळा जाळीवरच खर्च करणे भाग पडले. गटारीच्या आठवड्यात दोन पायांवर चालत येणाऱ्यांसाठी एक कुलूपही घेतले आहे.

खुडूक कोंबडीच्या पोटाखाली बदकाची अंडी ठेवायची, तर गणित जाणावे लागते. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत उबते, बदकाचे २८ दिवसांत; म्हणून बदकाची अंडी आधी ठेवून कोंबडीची आठवड्याने मागाहून सरकवली, तर सारी पिल्ले साधारण एकाच वेळी बाहेर पडतात. आईला त्यांत काही वावगे वाटत नाही. पुढे एके दिवशी तिची निम्मी लेकरे घमेल्यातल्या पाण्यात उतरतात आणि ती काठावर पंख फुगवून जो आकांत करते, तो पाहवत नाही. त्या वेळी मला माझ्या आजीची आठवण होते. आमच्यापैकी कोणी खाडीत पोहायला गेले की ती बांधावर उभी राहून असाच आरडाओरडा करीत असे.

अनेक जाती एकत्र नांदवण्यातला खरा धोका मात्र कुंपणाबाहेरून येत नाही. पाणपक्ष्यांच्या अंगात बर्ड फ्लूचा विषाणू असूनही बदक वरवर ठणठणीत दिसू शकते, आणि त्याच घमेल्यातले पाणी पिणारी कोंबडी मात्र मरते. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोलीत हा रोग निघाला, तेव्हापासून मी बदकांना खाडीच्या वाटेला जाऊ देत नाही. मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून द्यायची असते, पण एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक पिल्लांची लस असते आणि ती कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. त्यामुळे शेजारच्या काकू, त्यांची जाऊ आणि मी असे मिळून एकच कुपी बर्फात घालून आणतो. बाजारातून आणलेला नवा पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवायचा, असा आमचा आपसांत करार आहे. त्यांचे सगळ्यात जुने डालगे त्यासाठीच राखीव आहे.

परवा मोजणी २० आली. पुन्हा मोजली, तरी २०. बदके ४, आंब्यावर गिनी ३, म्हणजे जास्तीचा जीव दांडीवरच होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "आमची एक तलंग तुमच्यात आली काय रे? कालच बाजारातून आणली, डालग्यातून निसटली बघ." विजेरी घेऊन त्या आल्या. दांडीवर कोंबड्यांच्या ओळीत तीन तांबूस तलंगा एकमेकींना चिकटून, माना आत ओढून बसल्या होत्या, आणि त्यांतली नवी कोणती, हे काकूंनाही सांगता येईना. तीन आठवड्यांचा करार मोडून जेमतेम अर्धा तास झाला असावा. "असू दे, सकाळी उजेडात बघू," असे म्हणून त्या निघाल्या. मी आणखी एकदा मोजले आणि वीसांवर कडी लावली.